टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन, धातूवरचं ग्रीस धुवायचं द्रव रसायन) पाण्यात विरघळत नाही म्हणतात, मग नळात आलं कसं?

खडक_आणि_पाणी:
एमएस्सीला आहे, सेमिनारला अमेरिकेतल्या कँप लेजूनची केस घेतलीय. तिथल्या मरीन तळावर १९८२ मध्ये हॅडनॉट पॉइंटच्या नळाच्या पाण्यात लिटरला १४०० मायक्रोग्रॅम टीसीई सापडलं होतं. पण पुस्तकात दिलंय की हे जेमतेम विरघळतं आणि पाण्यापेक्षा जड असल्याने खाली जाऊन बसतं. मग नळात कसं आलं? आणि पंपाने उपसत राहिलं तर संपत का नाही?

भूजल_मास्तर:
जेमतेम म्हणजे किती ते आधी बघ. लिटरला साधारण ११०० मिलिग्रॅम विरघळतं आणि तिकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन लाख पटीहून जास्त झालं की. एक लिटर टीसीई पूर्ण विरघळलं तर २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. हे गणित सेमिनारमध्ये फळ्यावर करून दाखवच.

बोअरलॉग:
मास्तर बरोबर बोलले, मी जमिनीखालचं सांगतो. टीसीईची घनता १.४६ आणि ते पाण्याहून पातळ, त्यामुळे भूजलाची पातळी ओलांडून सरळ खाली उतरतं, जाताना वाळूच्या फटींत बारीक थेंब अडकवून ठेवतं आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतं. थराला उतार असेल तर त्या उताराने सरकतं, मग भूजल उलट्या दिशेला का वाहत असेना! म्हणून अशा जागी डोळे झाकून बोअर घेऊ नये, मातीचा थर फोडला तर तेच भोक त्याला खाली जायची वाट होतं. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात तर भेगा कुठे जातात तेच कळत नाही, तिथे शोधणं आणखी अवघड.
विरघळतं ते फक्त पाणी लागतं त्या पृष्ठभागावरून, त्यात भूजल संथ, म्हणून दशकं जातात. शिवाय काही भाग मातीत मुरतो आणि हळूहळू परत पाण्यात येतो, म्हणून पंप चालू असताना पाणी स्वच्छ दिसतं आणि बंद केला की आकडा परत वर.

खडक_आणि_पाणी:
पण १४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ११०० मिलिग्रॅमच्या पाव टक्कासुद्धा नाही ना? खाली साठा आहे तर नळात इतकं कमी कसं?

भूजल_मास्तर:
नळात बऱ्याच विहिरींचं पाणी एकत्र होऊन येत होतं, त्यात ते पातळ झालं. १९८५ मध्ये तिथल्या एचपी-६५१ विहिरीत एकटीत लिटरला १८,९०० मायक्रोग्रॅम मिळालं, म्हणजे ११०० मिलिग्रॅमच्या दीड टक्क्याच्या वर. एक टक्का ओलांडला की जवळपास न विरघळलेला साठा असावा असं धरून चालतात, तेव्हा नळाचा आकडा बाजूला ठेव आणि विहिरीचा घे.