६१ मेगापिक्सेलच्या बॉडीवर किटमधली छोटी झूम: वेडेपणा की शहाणपण?

भटकी_फ्रेम

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सोनी ए७आर ५ ही ६१ मेगापिक्सेलची बॉडी आहे आणि तिच्यावर कायमची बसलेली २४-७० एफ/२.८ जीएम २, सोनीची वरच्या दर्जाची झूम लेन्स. लेन्सबद्दल तक्रार काहीच नाही. पण बॉडी बॅटरी-कार्डासकट ७२३ ग्रॅम आणि लेन्स ६९५ ग्रॅम, म्हणजे गळ्यात जवळजवळ दीड किलो. दिवसभर पायी फिरायचं म्हटलं की कॅमेरा कपाटातच राहतो आणि फोटो निघतात मोबाइलवर. एवढी महागडी बॉडी घेऊन हे करायचं म्हणजे जिवावर येतं.

आता एफई २८-६० एफ/४-५.६ घ्यावी असं मनात आहे. २०२० मध्ये ए७सी बरोबर किटमध्ये आली होती तीच. १६७ ग्रॅम, मिटवली की लांबी जेमतेम ४५ मिलिमीटर. ओळखीतल्या एकाने ऐकून लगेच टोमणा मारला, "अरबी घोड्यावर गोणपाटाचं खोगीर घालतेयस."

मी दिवसाउजेडी फोटो काढते: रस्ते, जुन्या इमारती, डोंगर. सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), आणि अधूनमधून मोठे प्रिंटही करते. इतक्या पिक्सेलपुढे ही लेन्स उघडी पडेल का? लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, त्याने फार अडतं का? आणि २४ च्या जागी २८ कितपत खुपतं (आकडा मोठा म्हणजे दृश्य अरुंद)? कुणी खरोखर वापरली असेल तर सांगा. यूट्यूबवरचे तक्ते पाहून झालेत.

प्राइमवाला

स्पष्टच सांगतो, नको. ६० ला एफ/५.६ (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, प्रकाश कमी), म्हणजे ऊन उतरलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढलाच. वजनच उतरवायचं असेल तर एफई ४० एफ/२.५ जी ही प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स बघा. १७३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या त्या किट लेन्सपेक्षा फक्त ६ ग्रॅम जास्त. वर अ‍ॅपर्चर रिंग (छिद्र लहान-मोठं करणारी कडी) आहे. झूमशिवाय जमत नाही असं वाटतं, पण पाय आहेत ना!

कोपरेबघ्या

प्राइमवाले, पाय आहेत हे खरं, पण समोर दरी असली की पायांचा उपयोग नसतो. असो. ४० एफ/२.५ उत्तम लेन्स आहे, वाद नाही. पण ताईंनी विचारलंय झूमबद्दल, तर त्यावर बोलतो. मी हीच २८-६० ए७आर ४ वर वापरतो. सेन्सर तितक्याच पिक्सेलचा आहे, त्यामुळे अनुभव थेट लागू पडावा.

आधी तो 'उघडी पडेल' वाला मुद्दा. लोकांच्या डोक्यात असं बसलंय की सेन्सरला 'पुरून उरणारी' लेन्स लागते, नाहीतर पिक्सेल वाया. तसं नसतं. फोटोत दिसणारा तपशील हा लेन्स आणि सेन्सर दोघांच्या गुणाकारातून येतो. लेन्स तीच ठेवून सेन्सर २४ वरून ६१ मेगापिक्सेलवर नेला तरी तपशील थोडा वाढतोच, कमी होत नाही. कमी झाल्यासारखा वाटतो, कारण आपण दोन्ही फोटो १०० टक्क्यांवर उघडून बघतो. ६००० पिक्सेल रुंदीची फाइल आणि ९५०४ पिक्सेल रुंदीची फाइल १०० टक्क्यांवर बघणं म्हणजे दोन वेगवेगळ्या आकाराच्या प्रिंटला सारखंच नाक लावून बघणं. एकाच आकाराचा प्रिंट काढा आणि मग बोला. ६१ मेगापिक्सेलचा ३०० डीपीआयने प्रिंट साधारण ८० बाय ५४ सेंटिमीटरचा होतो. त्या आकारात एफ/८ ला काढलेल्या फोटोचा मधला भाग बघून तुमचा तो खोगीरवाला मित्र लेन्स ओळखून दाखवेल, तर मी मानेन.

कोपऱ्यांत मात्र ओळखेल. माझं नावच त्यावरून पडलंय, त्यामुळे इथे थोडं सविस्तर.

२८ ला, पूर्ण उघड्या एफ/४ वर, मधला भाग चांगला कडक येतो, पण कोपऱ्यातली झाडाची पानं एकमेकांत मिसळलेली दिसतात. एफ/५.६ ला सुधारतं, एफ/८ ला बरंच जमून येतं. त्यात या छोट्या लेन्सांचं एक गुपित आहे: आकार लहान ठेवण्यासाठी डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) आणि कडांचा अंधार यांची दुरुस्ती सॉफ्टवेअरवर सोपवलेली असते. रॉ उघडताना ती आपोआप लागते म्हणून आपल्याला कळतच नाही. पण सरळ रेषा सरळ करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात आणि अंधार उजळताना तिथला नॉइजही (दाणेदारपणा) उजळतो. इमारतीच्या फोटोत वरचा कोपरा आकाश असेल तर काही बिघडत नाही. तिथे कोरीव काम असेल, तर फ्रेम थोडी सैल घेऊन नंतर कापावी. पिक्सेल भरपूर आहेत, तेवढी चैन परवडते.

एफ/८ च्या पुढे जायचा मोह आवरा. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉनच्या चकतीएवढा पसरतो, म्हणजे जवळजवळ तीन पिक्सेल. एफ/१६ ला ही चकती दुप्पट. यात लेन्स स्वस्त की महाग हा प्रश्नच नाही, तुमची जीएमसुद्धा यातून सुटत नाही. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही हवे असतील तर एफ/११ पर्यंत जातो, त्यापुढे नाही.

स्टॅबिलायझेशन बॉडीत आहे, तेवढं या फोकल लेंग्थला पुरतं. पण ६१ मेगापिक्सेलवर हाताची बारीक थरथरही दिसते आणि दोष जातो लेन्सच्या माथी. शटरच्या वेगाचा '१ भागिले फोकल लेंग्थ' हा जुना हिशेब इथे तोकडा पडतो. ६० ला मी १/१२५ च्या खाली सहसा उतरत नाही. आयएसओ वाढला तर वाढू दे. नॉइज काढता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

२८ आणि २४ मधला फरक बंदिस्त जागेत जाणवतो. तिरपा कोन ८४ अंशांवरून ७५ वर येतो, म्हणजे अरुंद गल्लीतली इमारत मावत नाही. तिथे मी कॅमेरा उभा धरून दोन फ्रेम घेतो आणि नंतर जोडतो. दुसऱ्या टोकाला मात्र तुमची बॉडी धावून येते. एपीएस-सी क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) चालू केला की ६० चा कोन ९० सारखा होतो आणि तरीही २६ मेगापिक्सेल हातात राहतात. सेन्सरवर पिक्सेल कमी असते तर हा पर्याय इतका मोकळा नसता, म्हणून मला तर ही लेन्स स्वस्त बॉडीपेक्षा महागड्या बॉडीवरच जास्त शोभते असं वाटतं.

कुठे नेऊ नये हेही सांगतो. घरातला समारंभ, पळणारी मुलं, रात्रीचं आकाश. जीएमच्या एफ/२.८ ला जिथे आयएसओ १६०० लागतो, तिथे एफ/५.६ ला ६४०० लागतो. पार्श्वभूमी धूसर करायची हौस असेल तर तीही विसरा: ६० ला एफ/५.६ म्हणजे छिद्र १०.७ मिलिमीटर, ७० ला एफ/२.८ म्हणजे २५. निम्म्याहूनही कमी.

संधिप्रकाश

कोपरेबघ्यांशी सहमत. मी निकॉनवाला आहे, तरी आगाऊपणा करतो. माझ्याकडे झेड ७ २ वर झेड २४-५० एफ/४-६.३ असते, १९५ ग्रॅम, प्लॅस्टिकच्या माउंटवाली (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारी कडी). त्या माउंटवरून भरपूर चेष्टा ऐकली आहे, पण एवढ्या हलक्या लेन्सचा त्यावर भार तो किती पडणार? मला खरी अडचण वेगळीच वाटते. मिटवलेली लेन्स उघडायला विसरलं की कॅमेरा फोटो घेतच नाही, आधी लेन्स उघडा अशी सूचना देतो, आणि तोवर समोरचा पक्षी उडालेला असतो. म्हणून चालताना मी ती उघडीच ठेवतो. मग 'मिटवल्यावर किती छोटी' या जाहिरातीला काय अर्थ राहिला, ते मात्र विचारू नका.

भटकी_फ्रेम

कोपरेबघ्या, मनापासून आभार. क्रॉपचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला ही लेन्स वापरलेली मिळतेय, कुणीतरी बॉडीसोबत घेतलेली आणि पडून राहिलेली. घेण्याआधी काय तपासू? अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बहुतेक मिळणार नाही.

कोपरेबघ्या

अर्धा तास पुष्कळ झाला. बाकी सगळं सोडा, एक गोष्ट बघा: लेन्सचा कुठला भाग तिरका बसलेला आहे का. हलक्या, लांबणाऱ्या-मिटणाऱ्या लेन्सांत दोन नगांमध्ये फरक निघू शकतो, आणि वापरलेली म्हटल्यावर ती कुठे आपटली आहे हे कोण सांगणार?

भिंतीचा फोटो काढू नका. भिंतीला कॅमेरा अगदी समांतर धरणं हाताने जमत नाही, आणि मग चूक तुमची की लेन्सची हे कळत नाही. त्याऐवजी लांबवरची एक बारीक तपशिलाची वस्तू निवडा: टॉवरची जाळी, पाटीवरची अक्षरं, पानं गळालेलं झाड. लेन्स २८ वर आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ती वस्तू फ्रेमच्या मधोमध ठेवून फोकस करा आणि मग मॅन्युअलवर जाऊन फोकस तसाच ठेवा. आता कॅमेरा थोडा थोडा वळवून तीच वस्तू चारही कोपऱ्यांत आणा, प्रत्येकी एक फोटो. शटर वेगवान ठेवा. मग हेच सगळं ६० ला.

कॅमेऱ्याच्याच पडद्यावर मोठं करून चारही कोपरे शेजारी शेजारी बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, एफ/८ ला सुधारेल. तीन ठीक आणि एकच कोपरा पुसट, किंवा डावी बाजू कडक आणि उजवी सगळी वितळलेली, तर हात जोडून परत द्या. असा तिरकेपणा एफ/८ ला झाकला जातो, जात नाही, आणि ६१ मेगापिक्सेलवर तो रोज तुमच्या डोळ्यांत खुपत राहील.

मग झूम रिंग फिरवून बघा. मिटलेल्या अवस्थेतून २८ वर येताना किंचित जोर लागणं साहजिक आहे, पण मध्येच खरखर किंवा अडखळ नको. लेन्सच्या आरपार मोबाइलचा टॉर्च मारून आत धूसर थर दिसतो का तेही पाहा. दोन-चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, फोटोत ते सहसा दिसत नाहीत.

प्राइमवाला

बरं, एवढं ऐकल्यावर माझं 'नको' थोडं मवाळ करतो. दिवसाउजेडी असेल तर घ्या. पण रात्री माझी आठवण येईल हं!

भटकी_फ्रेम

आली तर ४० एफ/२.५ पण घेईन! शेवटचा प्रश्न: जीएमचे माझे फिल्टर ८२ मिलिमीटरचे आहेत. स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावून चालवू का?

कोपरेबघ्या

रिंग मिळेल, पण या लेन्सच्या ४०.५ वर ८२ चढवलं की पुढचा घेर लेन्सहूनही मोठा होतो, बोटं झूम रिंगपर्यंत नीट पोचत नाहीत आणि हलकेपणाची सगळी मजा जाते. ४०.५ चा एकच बरा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्या. २८ ला आकाश घेताना तो पूर्ण फिरवू नका, निळा रंग एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका पडतो. एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावून पाणी रेशमी करायची वेळ आली की नाहीतरी ट्रायपॉड उचलायचा असतोच, त्या दिवशी जीएम न्या.