'अजस्र प्राणी' चूक आहे का?

गोदाकाठची: मुलांसाठी 'पूर्वीचे प्राणी एवढे मोठे का होते' या लेखाचं भाषांतर करतेय. 'अजस्र प्राणी' लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला: 'अजस्र म्हणजे अखंड, मोठा नव्हे.' माझी आजी गंगेला 'अजस्र पूर' आला म्हणायची. ती चुकत होती?

जुनं खोड: संपादक बरोबर आहेत. धातू जस्, म्हणजे दमणं. न दमणारं ते अजस्र. आजींचा पूर थांबतच नसेल! आणि कुणी 'अजस्त्र' लिहू नका. तिथे 'स्र' आहे, सहस्रसारखा.

मखमलाबादकर: मग 'प्रचंड'ही काढून टाका काका. संस्कृतात तो उग्र. आम्ही मिसळही प्रचंड खातो.

पंचवटी: सरळ 'अवाढव्य' लिहा ताई. अ-वाढव्य, आणखी वाढवताच येणार नाही असं.

जुनं खोड: ही व्युत्पत्ती घरची दिसतेय.

पंचवटी: घरचीच आहे. खोडून दाखवा.

गोदाकाठची: पण 'अवाढव्य'ला बेढबपणाचा वास येतो. लांब मानेचे डायनोसॉर बेढब नव्हते हो. मणक्यांत हवेच्या पोकळ्या, म्हणून अंग त्या मानाने हलकं. घास न चावता गिळायचे, म्हणून डोकं लहान आणि मान लांब. शिवाय ३० कोटी वर्षांपूर्वीचा मेगान्यूरा आहे, चतुराचा नातलग, पंखांचा पसारा ६५ सेंटीमीटरच्या आसपास. कीटकांना फुप्फुसं नसतात, नळ्यांतून हवा आत जाते. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांहून बराच जास्त होता, हे त्याच्या आकाराचं एक कारण मानतात. 'अवाढव्य चतुर' कसं वाटतं?

मखमलाबादकर: हुशार आणि जाडा.

द्राक्षबाग: मुळात 'पूर्वीचे मोठे' हेच अर्धवट. ज्ञात प्राण्यांत सगळ्यात वजनदार निळा देवमासा, तो आजही पोहतोय.

जुनं खोड: मासा नव्हे, सस्तन. 'देवमासा' टाळावा.

द्राक्षबाग: मग गोगलगाय दूध देते का?

मखमलाबादकर: 😂 'थोराड' कसा आहे? नांदूरमधमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो, तिथल्याच गोदावरीच्या गाळात जुन्या हत्तीचे अवशेष मिळालेत. भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यावर लिहिलंय. आजच्या हत्तीहून थोराड.

पंचवटी: थोराड म्हणजे वयापेक्षा मोठा दिसणारा. माझा भाचा सहावीत थोराड होता.

गोदाकाठची: लेखात बारापासॉरस हा डायनोसॉरही आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात सापडलेला, १९७५ साली नाव दिलेला. मुलं 'बारा पायांचा' वाचतील अशी भीती वाटते. बंगालीतून घेतलंय, 'मोठा पाय'. मांडीचं हाडच सुमारे १.७ मीटर.

पंचवटी: म्हणजे बारा म्हणजे मोठा! मग आपल्या 'बाराचा आहे लेकाचा' मधला बारा तोच.

जुनं खोड: अजिबात नाही. बंगालीत तो 'बड़', हिंदीतल्या 'बड़ा'चा भाऊ. आकड्याशी संबंध नाही.

पंचवटी: बघा, भाऊ तुम्हीच म्हणालात.