२५ केव्हीए जनरेटर, कॉम्प्रेसर मारला की व्होल्टेज बसतंय, एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) बदलू का?

शिरोलीकर:
मंडळी, शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप हाय. थ्री फेज २५ केव्हीए जनरेटर. लेथ, ड्रिल झकास चालतंय पण १० एचपीचा कॉम्प्रेसर लावला, डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) स्टार्टर हाय, की ट्यूबा मंद आणि मीटरवर ४१५ चे ३३० होतात, मग हळूहळू वर येतंय. वायरमन म्हणतोय एव्हीआर गेला, तोवर कार्डावरचा पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचा स्क्रू) फिरवून ४४० करून ठेवतो. दुसरं म्हणजे परवा केबल पत्र्याखाली दबून शॉर्ट झाली तर ६३ अँपिअरचा एमसीबी पडलाच नाही, इंजिन चालूच, व्होल्टेज मात्र गायब. हे पण एव्हीआरमुळंच का?

डिझेलदादा:
पॉटला हात लावू देऊ नका भावा, कॉम्प्रेसर बंद असताना बाकीच्या मशीनांना ४४० बसेल. सुरू होताना हर्ट्झ किती होतात?

शिरोलीकर:
४६ पर्यंत जातंय दादा.

डिझेलदादा:
मग आधी इंजिन बघा. वेग सांभाळायचा गव्हर्नरनं, व्होल्टेज एव्हीआरनं. १५०० आरपीएमला ५० हर्ट्झ मिळतात, त्याखाली बरंच गेलं की एव्हीआर स्वतःच व्होल्टेज पाडतो, म्हणजे लोड हलका होऊन इंजिन सावरतं आणि फील्डमध्ये (चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगमध्ये) जादा करंट जात नाही. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर कधी बदलला?

वाइंडिंगवाला उद्यमनगर:
दादा बरोबर, पण मूळ दुखणं स्टार्टरचं आहे. २५ केव्हीए म्हणजे फुल लोडला साधारण ३५ अँपिअर. १० एचपी मोटर चालताना १४ च्या आसपास घेते पण डीओएलवर सुरू होताना सहापट धरा, ८० च्या वर. एवढा झटका बसला की टर्मिनलवरचं व्होल्टेज पडणारच, एव्हीआर ते बघतो, एक्सायटरच्या (त्याच शाफ्टवरच्या छोट्या जनरेटरच्या) फील्डला डीसी वाढवतो, एक्सायटरची एसी फिरत्या डायोडमधून डीसी होऊन मेन रोटरला मिळते आणि मग व्होल्टेज वर येतं, ह्याला थोडा वेळ लागतोच. तुमचं परत वर येतंय ना, मग कार्ड मेलेलं नाही. स्टार डेल्टा स्टार्टर लावा, तो मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करतो, लाईन करंट एक तृतीयांशावर येईल. फक्त टॉर्कपण (फिरवायचा जोर) तेवढाच राहतो, म्हणून अनलोडर (सुरू होताना कॉम्प्रेसरवरचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) चालू पाहिजे, टाकीच्या प्रेशरवर मोटर अडकली तर स्टार डेल्टाचा काही उपयोग नाही.

आता शॉर्टचं. महावितरणच्या लाईनवर शॉर्ट झाला की हजारो अँपिअर येतात, एमसीबी ताडकन पडतो. जनरेटरकडं तेवढा जोर नसतो, पहिला झटका क्षणभर मोठा, मग उतरत जातो. त्यात साध्या सेटमध्ये एव्हीआरची स्वतःची पॉवर त्याच टर्मिनलवरून येते, शॉर्टमध्ये तिथंच व्होल्टेज नाही तर फील्डला काय देणार? सगळं कोसळतं. पीएमजी (शाफ्टवरचा कायम चुंबकाचा छोटा जनरेटर) किंवा ऑक्झिलरी वाइंडिंगवाला (वेगळ्या वाइंडिंगवरून पॉवर घेणारा) एव्हीआर असेल तर काही सेकंद तीनपट करंट टिकतो, तुमच्यात शंभरेक अँपिअर. तुमचा ६३ चा सी कर्व्ह (रेटिंगच्या पाचपटीच्या वर लगेच पडणारा प्रकार) असेल तर तो लगेच पडायला ३१५ च्या वर पाहिजेत! शंभरवर तो तापून तापून कधीतरी पडणार, आणि चालू ओव्हरलोडला तर ३५ च्या सेटवर ६३ चा एमसीबी म्हणजे संरक्षण नाहीच. ४० चा एमसीसीबी (एमसीबीचा मोठा भाऊ) घ्या, मॅग्नेटिक सेटिंग (किती करंटला लगेच पडायचं ते) खाली आणता येणारा, दुकानात जनरेटरसाठी म्हणून सांगा. आधी स्टार डेल्टा करा मात्र, नाहीतर कॉम्प्रेसरच्या झटक्यालाच तो पडत बसेल.

शिरोलीकर:
लय भारी सांगितलं. अर्थ लिकेज रिले (करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारा) पण बसवावा म्हणतोय, चालंल का?

वाइंडिंगवाला उद्यमनगर:
बसवाच, पण जनरेटरचं न्यूट्रल अर्थ केलंय का बघा. ते मोकळं असेल तर लिकेजला परतीची वाट नाही आणि रिले गप्प बसतो. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंग काढा. चेंजओव्हर (लाईन-जनरेटर बदलायचा स्विच) ४ पोलचा, म्हणजे न्यूट्रलपण तोडणारा घ्या, दोन्हीकडची न्यूट्रल एकत्र नको.

डिझेलदादा:
आणि फिल्टरचं राहिलंच बघा, कधी बदलला?