प्रोफाइल राहू द्या, आधी मॉनिटरचा मेनू उघडा

दादा, तुम्ही लिहिलंय की तीन मॉनिटरपैकी डावीकडच्यावर आभाळ पिवळट दिसतं आणि विंडोजमध्ये कलर प्रोफाइल (पडद्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल) टाकूनही विमानाच्या सिम्युलेटरमध्ये काहीच फरक पडत नाही. फुलस्क्रीन चालणारे बरेच गेम असलं प्रोफाइल जुमानतच नाहीत. जुळवाजुळव मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतूनच करा.

इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (हे उजेड आपोआप कमी-जास्त करतात) बंद करून तिन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. मग तिन्हींवर एकच मधला करडा रंग लावा; छटेतला फरक करड्यावर चटकन पकडता येतो. ज्याचा उजेड सगळ्यात मंद असेल त्याच्या पातळीवर बाकीचे दोन उतरवा. त्याला वर चढवायला जागाच नसते. रंगाचं तापमान (पांढरा किती पिवळट-निळसर दिसतो ते) 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) 2.2 ठेवा आणि उरलेला पिवळेपणा लाल-हिरवा गेन, म्हणजे त्या रंगांचा जोर, एकेक अंक कमी करत काढा. हे रात्रीच करा, आपल्या मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हाचा उजेड खोलीत असला की डोळा हमखास फसतो. नंतर सिम्युलेटरमध्ये चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, उतरताना क्षितिजाचा धुरकट पट्टा तिन्ही पडद्यांवर सलग दिसतो का बघा.

आणि डावा पडदा टीएन पॅनलचा (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) आहे का? असेल तर तो नीट स्वतःकडे वळवा. तिरकं पाहिलं की त्याचा रंग बदलतोच, तिथे सेटिंग काही करू शकत नाही.