बी-मोड मोजायचे तर फिरती प्लेट हवीच!

टिळकवाडीकर:
वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचं, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशाचं, सीएमबीचं, ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) मोजणाऱ्या दुर्बिणीत सगळ्यात पुढे फिरती हाफ-वेव्ह प्लेट, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती, हवीच, असं माझं ठाम मत आहे. सीएमबीचं तापमान २.७ केल्विन आणि आदिम बी-मोड, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वलहरींनी या ध्रुवीकरणात उमटवलेली पिळाची नक्षी, एका केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही लहान. त्यात वातावरणातल्या वाफेची ढवळाढवळ. बेळगावच्या पावसात वाढलेल्यांना वाफेबद्दल काय सांगायचं! प्लेट सेकंदाला २ फेरे घेते तेव्हा ध्रुवीकरणाचा सिग्नल चौपटीनं, ८ हर्ट्झवर येतो. वाफेचा संथ चढउतार खालीच राहतो. चिलीतल्या आटाकामा वाळवंटात सायमन्स वेधशाळेच्या लहान दुर्बिणी हेच करतात.

निपाणीकर:
सर, नाही पटलं. २०२१ मध्ये आर, म्हणजे आदिम गुरुत्वलहरींची ताकद सांगणारा आकडा, ०.०३६ च्या खाली असल्याची कडक मर्यादा दिली ती दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक गटानं, आणि तीही अशा फिरत्या प्लेटीविना. काटकोनातल्या दोन डिटेक्टरांची वजाबाकी करायची, दुर्बीण अक्षाभोवती वळवून पुन्हा मोजायचं. प्लेट आली की प्रकाशाच्या वाटेत आणखी एक वस्तू आली, आणि ती स्वतःचा खोटा सिग्नल घालते.

टिळकवाडीकर:
दोन डिटेक्टर अगदी सारखे नसले की तापमानातला फरकच ध्रुवीकरण म्हणून दिसतो. तो त्यांना नंतर गणितानं काढावा लागला. प्लेट असली की एकच डिटेक्टर सगळ्या दिशा मोजतो. शिवाय ध्रुवावरची कोरडी, शांत हवा सगळीकडे कुठली?

उद्यमबागचा फिटर:
बेअरिंगचं कुणीच बोलेना ओ! डिटेक्टर ०.१ केल्विनला. घासणारं बेअरिंग तिथं उष्णता आणि थरथर दोन्ही देणार. म्हणून सायमन्सची नीलमाच्या तीन थरांची प्लेट सुमारे ५० केल्विनला, अतिवाहक चुंबकी बेअरिंगवर अधांतरी फिरते. गार होईपर्यंत ती नेमकी मध्यावर धरून ठेवायची, मगच सोडायची. अवघड आहे, पण हे जमवणाऱ्यांचं काम मला फार मोठं वाटतं. मी प्लेटीच्या बाजूनं.

खानापूरकर:
२०१४ आठवा. बायसेप-२ नं फक्त १५० गिगाहर्ट्झला पाहिलं आणि आदिम गुरुत्वलहरी सापडल्या म्हणून जाहीर केलं. प्लांक उपग्रहाची ३५३ गिगाहर्ट्झची मोजणी जोडल्यावर २०१५ मध्ये कळलं, तेवढा सिग्नल आकाशगंगेतल्या धुळीनंच देता येतो. प्लेट असती तरी फसलेच असते. लडाखमधल्या हानलेला ४५०० मीटरवर उद्या आपली दुर्बीण झाली आणि प्लेट असून वारंवारतेच्या वाहिन्या दोनच मिळाल्या, तर घ्याल?

टिळकवाडीकर:
नाही घेणार. धुळीसाठी २२० गिगाहर्ट्झच्या वरची, सिंक्रोट्रॉनसाठी (आकाशगंगेतल्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या प्रारणासाठी) ४० च्या आसपासची आणि मधली, अशा किमान तीन हव्यात. एक प्लेट एवढा पट्टा पेलत नाही, म्हणून दुर्बिणी वेगळ्या कराव्या लागतील. पण प्रत्येकीत प्लेट हवी.