मदत हवी आहे: पद्मिनीची मागची बाजू दोन इंच खाली घ्यायची आहे, आईची कंबर सांभाळून

लालफियाट

नमस्कार मंडळी. गाडी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. वडिलांचा चादरी-टॉवेलचा धंदा होता. मंगळवेढा, मोडनिंब, वैराग असे आठवडी बाजार करायचे. मागची सीट काढून त्या जागी गठ्ठे, डिकीत गठ्ठे, आणि वर कॅरियरलाही बांधलेले. तेव्हा गाडी भरली की सरळ दिसायची. आता धंदा बंद झाला, वडील नाहीत, सीट मी परत बसवली. रिकामी गाडी अशी उभी राहते, की म्हैस हौदावर पाणी प्यायला वाकलीय. मागचं सगळं वर, नाक खाली.

दिसण्याचं एक वेळ सोडून देईन. पण आईला महिन्यातून एका गुरुवारी अक्कलकोटला न्यावं लागतं. चाळीसेक किलोमीटरच आहे, तरी परत येईस्तोवर तिची कंबर धरते. स्पीडब्रेकरवर मागची सीट माणसाला छताकडे फेकते. डॉक्टरांनी धक्के टाळा म्हणून सांगितलंय.

आतापर्यंत तीन सल्ले मिळाले. हैदराबाद रोडला ट्रकचे पाटे (कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) दुरुस्त करणारे एक मामा म्हणाले, "गॅसनं तापवून कमान बसवून देतो, पंधराशे द्या." मुंबईचा मित्र म्हणतो अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंची लोखंडी ब्लॉक टाक. आणि आमच्या गल्लीतले काका म्हणाले, डिकीत वाळूची दोन पोती टाक आणि गप बस.

हसू नका, वाळू टाकून बघितली. गाडी खरंच बरी चालली. पण पेट्रोल कोण भरणार?

प्रश्न एवढाच, की गाडी खाली घेतली की ती कडक होते असं जो तो सांगतो. मग खालीही येईल आणि मऊही राहील असा काही मार्ग आहे का?

कडकभाकरी

मालक, माझी चूक ऐका आणि शहाणे व्हा. माझी जुनी स्विफ्ट होती. एकानं मागच्या कॉइल स्प्रिंगचा एक राउंड ग्राइंडरनं कापून दिला. दिसायला एक नंबर. पण स्प्रिंगचे काम करणारे राउंड कमी झाले की ती तेवढी जास्त कडक होते. साताचे सहा केले तर कडकपणा साधारण सतरा टक्के वाढतो. वर अ‍ॅक्सलला खाली-वर व्हायला जागाही कमी उरते, म्हणजे खड्ड्यात थेट वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटणार. पार्क चौक ते सात रस्ता जाईपर्यंत बायको दोनदा म्हणाली, बैलगाडी परवडली. चार महिन्यांत नव्या स्प्रिंगा टाकल्या.

तुमच्या गाडीला मागं कॉइल नाही, पाटे आहेत. हिशोब वेगळा. पण गॅसवाल्या मामांना हात लावू देऊ नका. पाट्याचं पोलाद ठरावीक रीतीनं तापवून, विझवून त्यात स्प्रिंगचा गुण आणलेला असतो. उघड्या ज्योतीवर तापवलं की तो गुण जातो. आज खाली बसेल, सहा महिन्यांत आणखी बसेल, नाहीतर एखाद्या दिवशी तुटेल. दोन्ही बाजू सारख्या बसतील याचीही खात्री नाही.

शेंगाचटणी

गाडी खाली कशी घ्यायची हे नंतर. आधी ती वर का गेली ते बघा. पद्मिनी कंपनीतून म्हशीसारखी वाकून येत नव्हती.

सकाळी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा आणि मागं झोपून एका बाजूचे पाटे मोजा. प्रत्येकाची जाडी घ्या. एखादा वेगळा दिसतो का? रंग, गंज, टोकाची कापणी, काहीही. मोजून इथं लिहा.

लालफियाट

मोजलं. शर्टाची वाट लागली. एका बाजूला सहा पाटे. वरचे पाच ६ मिमीचे, टोकं गोल कापलेली. सगळ्यात खालचा ८ मिमी, टोकं सरळ कापलेली, त्यावर जुना काळा रंग अजून शिल्लक. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधल्या पाट्यांमध्ये गंज इतका, की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्यावर तळहातभर लाल भुकटी पडली.

आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी जिपचा पाटा घालून घेतला होता की. गठ्ठ्यांनी गाडी बसायची म्हणून. तू चौथीत होतास."

शेंगाचटणी

सापडलं. आता नीट वाचा, कारण तुमची केस सगळ्यांच्या उलटी आहे.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ चा ८ झाला तर जाडी सव्वापटीच्या थोडी वर गेली, पण तो एकटा पाटा सुमारे २.४ पट कडक झाला. मूळचे पाच म्हणजे पाच भाग धरा. त्यात हा एक आला, झाले जवळपास ७.४. म्हणजे तुमची गाडी कंपनीच्या गाडीपेक्षा जवळपास दीडपट कडक आहे. लांबीच्या फरकानं आकडा थोडा इकडेतिकडे होईल, गोष्ट तीच. गठ्ठे भरले की हे बरोबर होतं. मागं एकटी आई बसली की पाटा वाकतच नाही, सगळा धक्का वर जातो. वाळूची पोती टाकल्यावर गाडी मऊ का झाली, ते आलं ना लक्षात?

म्हणून तो पाटा काढा. गाडी खालीही येईल आणि मऊही होईल. एरवी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. तुमच्याकडे दोन्ही त्या एकाच पाट्यानं अडवल्यात.

काढताना एवढं करा. यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) नवे घ्या, जुने ओढून लांबलेले असतात. पाटे सुटे करून वायर ब्रशनं घासा, ग्रेफाइट ग्रीस लावा, टोकांना प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या द्या. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, मग छोट्या खड्ड्यांना स्प्रिंग जणू नसतेच. अर्धा कडकपणा या गंजाचाही असेल. शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारा हलता दुवा) रबरी बुश बदला. आणि एक गोष्ट नव्वद टक्के गॅरेजवाले विसरतात: शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना कचकून आवळायचे नाहीत. आधी चाकं जमिनीला टेकवा, गाडीला तिच्या वजनानं बसू द्या, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, ते गाडीला वर ढकलत राहतं आणि लवकर फाटतं.

हुरडापार्टी

ब्लॉकचं पण सांगून टाकतो, कुणी इथं वाचून घालायला नको. पाट्याच्या गाडीला ब्लॉक टाकला की पाट्याचा कडकपणा बदलत नाही, म्हणून मुंबईचा मित्र अगदीच चुकीचा नाही. पण अ‍ॅक्सल दोन इंच रबराजवळ जातो, प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) कोन बदलतो, लांब यू-बोल्ट लागतात. तुमच्या गाडीला ब्लॉक टाकला असता तर खाली आली असती आणि दीडपट कडक तशीच राहिली असती. आईला फरक शून्य.

कागदपत्रांच्या दृष्टीनंही तुमचा मार्ग बरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यावर कडक भूमिका घेतली. तुम्ही तर गाडी मूळ रूपात आणताय. आरसी नूतनीकरणाला कुणी खाली वाकून बघितलं तरी बिनधास्त.

कडकभाकरी

टायरमध्ये हवा किती भरता? गठ्ठ्यांच्या दिवसांची सवय असेल तर अजून ४० भरत असाल.

लालफियाट

३८. पकडलंत. कमी केली.

लालफियाट (अकरा दिवसांनी)

झालं काम. पाटे सोडायला मामांकडेच गेलो. गॅस नको, फक्त सोडा-घासा-बसवा म्हटल्यावर थोडे नाराज झाले, पण जिपचा पाटा हातात आल्यावर म्हणाले, "हे आमच्याच वडिलांचं काम दिसतंय." खरं-खोटं देव जाणे. पाटा मी घरी आणलाय, फेकवत नाही.

मडगार्डच्या काठापासून चाकाच्या मध्यापर्यंत आधी आणि नंतर मोजलं. डावीकडे ४२ मिमी खाली, उजवीकडे ४९. दोन इंच म्हणत होतो, जवळपास तेवढंच. अ‍ॅक्सल आणि रबर यांत रिकाम्या गाडीत ७० मिमी जागा आहे, मागं तिघांना बसवल्यावर २५ उरते. यू-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर परत आवळून घेतले, दोन नट पाव फेरा फिरलेच.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. रात्री कुंभारीजवळ समोरचे सगळे मला डिपर मारायला लागले. घरी येऊन भिंतीवर उजेड बघितला तेव्हा कळलं, मागची बाजू खाली आल्यावर नाक वर झालं आणि हेडलाइटचा झोत लोकांच्या डोळ्यांत. झोत खाली करून घेतला.

काल गुरुवार होता. परतताना वळसंगच्या पुढे आईला झोप लागली होती. या गाडीत ती आजवर कधी झोपली नव्हती.

आता एकच शंका. उजवी बाजू सात मिलीमीटर जास्त खाली का?

शेंगाचटणी

ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तुमचे वडील पण तिथंच बसायचे. पस्तीस वर्षं एका बाजूचे पाटे जास्त वाकलेत. सात मिमीला काही करू नका. पंधराच्या पुढं गेलं तर डाव्या-उजव्या पाट्यांची अदलाबदल करून बघू. आणि शॉकअप तपासा: मागचा बंपर जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबला तर ठीक, दोन-तीनदा नाचला तर जोडी बदला.

लालफियाट

दाबला. उजवीकडचा दोनदा नाचतो. जोडी घेतो.