मदत हवी आहे : कोअर वेगळा काढूनही लिनक्ससीएनसीमध्ये अधूनमधून २३० मायक्रोसेकंदांचा खंड

नमस्कार.

आमच्या वर्कशॉपमधले छोटे मिलिंग मशीन मी प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (कामे ठरल्या वेळी व्हावीत यासाठी बदललेला लिनक्सचा गाभा) आणि लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतो. स्टेपर मोटारींचे पल्स थेट पॅरलल पोर्टमधून जातात, त्यामुळे पल्स देणारा बेस थ्रेड (सॉफ्टवेअरचा सर्वांत वेगाने फिरणारा भाग) दर ५० मायक्रोसेकंदांनी ठरल्या वेळी जागा व्हावाच लागतो. गेल्या आठवड्यात ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये खोलगट भाग काढताना एक्स अक्ष मध्येच घसरला. पडद्यावरचा आकडा बरोबर होता, पण कापलेल्या भिंतीवर नखाला लागेल अशी पायरी उमटली.

संगणकात दोन कोअर आणि चार थ्रेडचा (इथे थ्रेड म्हणजे एकाच कोअरचे सिस्टिमला वेगळे दिसणारे दोन भाग) जुना इंटेल प्रोसेसर आहे. सुरुवातीला मी बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज या, ठरावीक थ्रेड इतर कामांपासून वेगळे काढणाऱ्या पर्यायापुढे २ आणि ३ हे क्रमांक लिहिले होते आणि फरक का पडत नाही हे कळत नव्हते. प्रोसेसरची रचना दाखवणाऱ्या एलएससीपीयू या आज्ञेचा तक्ता नीट वाचल्यावर लक्षात आले की ० आणि २ हे एकाच कोअरचे, तर १ आणि ३ हे दुसऱ्या कोअरचे थ्रेड आहेत. म्हणजे वेगळे काढलेले दोन्ही थ्रेड ब्राउझर चालवणाऱ्या थ्रेडांशीच कोअर वाटून घेत होते. मग बायोसमधून हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड करण्याची सोय) बंद केले, कोअर १ वेगळा काढला, आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारी सेवा) थांबवून सर्व उपकरणांचे इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत, कोअर ० वर नेले आणि प्रोसेसरला सी-१ या हलक्या विश्रांतीपेक्षा खोल झोपू देणे बंद केले. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असतानाही बेस थ्रेड जागा होण्यातला जो विलंब आधी १८० मायक्रोसेकंदांपर्यंत जात होता, तो आता बहुतेक वेळ १५ च्या आत राहतो. नोएचझेड-फुल या कर्नलच्या पर्यायाचा मात्र उपयोग झाला नाही, आणि ते साहजिकच आहे. कोअरवर एकच काम अखंड चालू असेल तेव्हा ती सोय नियमित टिक (कर्नलचा ठरावीक अंतराने पडणारा ठोका) थांबवते. इथे बेस थ्रेड सेकंदाला वीस हजार वेळा टायमर लावूनच उठतो.

अडचण उरली आहे ती अशी, की तासातून दोन-तीनदा २३० मायक्रोसेकंदांच्या आसपास खंड पडतो, म्हणजे बेस थ्रेडच्या चार फेऱ्या हुकतात. लिनक्ससीएनसी बंद ठेवून हार्डवेअरमुळे पडणारे खंड मोजणारे एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट तासभर चालवले, तेव्हाही तेवढेच खंड दिसले, आणि टर्बोस्टॅट या प्रोसेसरची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनातील एसएमआयचा (फर्मवेअर प्रोसेसर मध्येच ताब्यात घेते तो इंटरप्ट) आकडाही त्या तासात वाढला. त्यावरून हा विलंब ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालून, मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून येत असावा, असे माझे मत झाले आहे. बायोसमधील यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून पाहिला, पण फरक पडला नाही.

हे एसएमआय नेमके कशामुळे येतात, हे शोधण्याची एखादी पद्धत कोणी वापरली आहे का? ते सरसकट बंद करण्याचे धाडस होत नाही, कारण काही मदरबोर्डांवर तापमानावरची देखरेख त्यांच्यावरच चालते आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात खूप उकडते. मदरबोर्ड बदलावा, की पल्स देण्याचे काम एफपीजीए कार्डाकडे (पल्स स्वतःच्या चिपवर तयार करणारे कार्ड) सोपवून संगणकावर फक्त एक मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड (अक्षांच्या हालचालीचा हिशेब करणारा संथ भाग) ठेवावा? दुसऱ्या मार्गाने गेल्यास २३० मायक्रोसेकंदांचा खंड प्रत्यक्ष कामात खपून जातो का, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.